विमान परत हातात येतं तेव्हा

बिजासन टेकरीवर उभं राहिलं की इंदूरचा विमानतळ खाली अंथरल्यासारखा दिसतो. देवीचं दर्शन झालं की पोरंबाळं तिथेच रेंगाळतात, कारण मुंबईचं विमान उतरताना बघायचं असतं. मध्यंतरी गेलो तेव्हा लोकमान्य नगरातले आमचे एक काका बरोबर होते. विमान धावपट्टीला टेकलं तसे म्हणाले, “आता पायलटला काम काय राहिलंय हो? बटण दाबलं की विमान स्वतःच उडून राहिलंय. पगार मात्र लाखात!”

गंमत अशी की आम्ही पाहिलेला तेवढाच तुकडा बहुधा माणसाने हाताने उडवलेला होता. ऑटोपायलट उड्डाणानंतर थोड्याच वेळात लावतात आणि उतरताना धावपट्टी नीट दिसू लागली की काढतात. धुक्यात यंत्राकडून विमान उतरवण्याची सोय आहे, पण तिला विमानतळावर आणि विमानात तशी उपकरणं लागतात आणि रोजच्या उतरण्यात ती क्वचितच वापरतात. म्हणजे टेकरीवरून दिसतं ते माणसाचं काम, आणि जे दिसत नाही, ते मधले तास यंत्राचे. काकांचं म्हणणं त्या मधल्या तासांपुरतं खरं आहे. पण त्यातून ते जो निष्कर्ष काढतात, की पायलटला आता फारसं काही यावं लागत नाही, तो मला पार उलटा वाटतो.

यंत्राच्या हाती विमान देण्याची कल्पना विमानाइतकीच जुनी म्हणावी लागेल. १८ जून १९१४ रोजी पॅरिसजवळ सीन नदीवर लॉरेन्स स्पेरी नावाच्या २१ वर्षांच्या अमेरिकन पोराने दोन्ही हात वर करून विमान उडवून दाखवलं. त्याचा मेकॅनिक चालत्या विमानाच्या पंखावर चढून गेला, तरी विमान कललं नाही. आत गरगर फिरणारे जायरोस्कोप तोल सांभाळत होते. आज तेच काम संगणक करतात आणि त्याचे मोटामोटी तीन भाग आहेत. ऑटोपायलट नाक, पंख आणि उंची सांभाळतो. ऑटोथ्रॉटल इंजिनाचा जोर कमीजास्त करतो. तिसरा संगणक मार्ग लक्षात ठेवून या दोघांना हुकूम सोडतो. हे तिघे थकत नाहीत, कंटाळत नाहीत, आणि विमानप्रवास आज इतका सुरक्षित आहे त्यात त्यांचा वाटा मोठा आहे. हे आधी मान्य करूनच पुढचं बोलायला हवं.

आता १ जून २००९ ची रात्र. एअर फ्रान्सचं ४४७ क्रमांकाचं उड्डाण रिओ दि जानेरोहून पॅरिसला निघालं होतं. एअरबस ए३३०, आत २२८ माणसं, उंची ३५,००० फूट, खाली अटलांटिक. कॅप्टन विश्रांतीला गेले होते, पुढे दोन सहवैमानिक होते. विमान ढगांच्या वादळी पट्ट्यात शिरलं आणि वेग मोजणाऱ्या पिटो नळ्यांत बर्फाचे स्फटिक साचले. पिटो नळी म्हणजे विमानाच्या नाकाजवळ समोर तोंड करून बसवलेली नळी. समोरून येणाऱ्या हवेचा दाब ती घेते आणि त्यावरून वेग कळतो. नळ्या तुंबल्या, वेगाचे आकडे एकमेकांशी जुळेनात, तेव्हा संगणकाने जे करायला हवं तेच केलं. भरवशाचा वेग माहीत नाही, सबब मी विमान चालवू शकत नाही, असं म्हणून ऑटोपायलट सुटला.

विमानाला काहीही झालं नव्हतं, ही या घटनेतली सगळ्यात जिव्हारी लागणारी गोष्ट. इंजिनं ठणठणीत होती, पंख शाबूत होते. वेगाचे चुकीचे आकडे मिनिटभराच्या आत पुन्हा ताळ्यावर आले. त्या मिनिटात नाक होतं तसं आणि इंजिनाचा जोर होता तसा ठेवला असता, तर प्रवाशांची झोपही मोडली नसती. पण उजवीकडच्या वैमानिकाने साइडस्टिक, म्हणजे विमान वळवायची-कलवायची बाजूची छोटी दांडी, मागे ओढली. विमान चढत चढत ३८,००० फुटांच्या आसपास गेलं, वेग घटला, आणि विमान स्टॉल झालं.

स्टॉल म्हणजे इंजिन बंद पडणं नव्हे. गाडी ‘स्टॉल होते’ त्याच्याशी याचा संबंध नाही. सुपर कॉरिडॉरवर गाडीत बसलेल्या लहान मुलाने हात बाहेर काढलेला आठवा (आपण रागावतो तो भाग सोडा). तळवा जरासा वर कलला की वारा हात उचलून धरतो. अजून कलवत गेलं की एका कोनानंतर उचलणं संपतं आणि हात नुसता मागे फेकला जातो. पंखाचंही असंच. हवेला भिडण्याचा कोन मर्यादेबाहेर गेला की हवा पंखाला चिकटून वाहत नाही आणि विमान दगडासारखं खाली येऊ लागतं. उपाय एकच, आणि तो उपजत भीतीच्या विरुद्ध आहे: नाक खाली करायचं.

कॉकपिटमध्ये ‘स्टॉल, स्टॉल’ असा आवाज घुमत होता. वैमानिकांनी त्याचा एकदाही उच्चार केला नाही. पुढे तर यंत्रानेच त्यांना चकवलं. मोजलेला वेग ६० नॉटच्या (ताशी साधारण ११० किलोमीटरच्या) खाली गेला की कोनाचे आकडेही खोटे असणार, असं संगणक धरून चालतो आणि सूचना बंद करतो. त्यामुळे नाक वर धरून ठेवलं की आवाज बंद, आणि बिचाऱ्याने चुकून योग्य ते केलं, म्हणजे नाक जरा खाली केलं, की आवाज पुन्हा सुरू! त्यात एअरबसच्या दोन साइडस्टिक एकमेकींना जोडलेल्या नसतात. एकाने काय ओढून धरलंय ते दुसऱ्याच्या हाताला कळत नाही. कॅप्टन धावत आले तोवर दीड मिनिट उलटलं होतं. ऑटोपायलट सुटल्यापासून विमान पाण्यावर आदळेपर्यंत सगळी मिळून सुमारे साडेचार मिनिटं. अवशेष सापडायला एप्रिल २०११ उजाडला, समुद्रतळाशी, जवळपास ३,९०० मीटर खोल.

‘मानवी चूक’ असं म्हणून हा विषय मिटवता येतो, आणि अनेकदा मिटवलाही जातो. मला तो शब्द आळशी वाटतो. ज्या उंचीवर हे घडलं, तिथे हाताने विमान उडवण्याचा सराव त्या वैमानिकांना मिळाला कुठे होता? २९,००० ते ४१,००० फुटांच्या पट्ट्यात विमानं एकमेकांच्या वरखाली फक्त १,००० फूट अंतर ठेवून जातात. त्यासाठी उंची यंत्रानेच धरायची असा नियम आहे. वर हवा विरळ, तिथे हाताचा जरासा जोरही जास्त होतो. फ्रेंच तपासयंत्रणेच्या अहवालातही हेच नोंदलं आहे: इतक्या उंचीवर, वेगाचे आकडे बिघडलेले असताना, हाताने विमान सांभाळण्याचं प्रशिक्षण त्या दोघांना दिलेलंच नव्हतं. जिथे सराव करायला मनाई, नेमकी तिथेच, मध्यरात्री, कारण न सांगता, यंत्र म्हणालं: घ्या.

लिझान बेनब्रिज या मानसशास्त्रज्ञ बाईंनी हा पेच १९८३ सालीच मांडून ठेवला होता. सोपं ते सगळं यंत्राला दिलं, तर माणसाकडे उरतं ते यंत्रालाही न जमलेलं, म्हणजे सगळ्यात अवघड. आणि ते करायचं त्याने, ज्याचा सोप्याचाही सराव सुटला आहे.

सराव सुटतो म्हणजे नेमकं काय सुटतं, याबद्दल माझी समजूत बरीच वर्षं चुकीची होती. मला वाटायचं हाताचं वळण जात असेल. नासाच्या स्टीफन कॅस्नर आणि सहकाऱ्यांनी १६ वैमानिकांना बोइंग ७४७ च्या सिम्युलेटरमध्ये बसवून एकेक यंत्रणा काढून घेतली. २०१४ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष वेगळाच निघाला. हात थोडे गंजले होते, पण बरेचसे शाबूत. घसरलं होतं ते डोकं: आपण आत्ता कुठे आहोत, पुढचं वळण कधी, कुठलं उपकरण खोटं बोलतंय, हे सतत मनात चालू ठेवणं.

इंदूरच्या माणसाला हे रंगपंचमीला समजतं. फोनचा नकाशा बघत गाडी हाकणाऱ्याला गाडी उत्तम हाकता येते. पण गेर, म्हणजे रंगपंचमीची मिरवणूक, निघाली, राजवाड्याकडचे रस्ते बंद झाले, नकाशा मात्र ‘सरळ जा’ म्हणतोय, अशा वेळी त्याच्या डोक्यात गल्ल्याच नसतात. आमच्या पिढीला बोळ पाठ होते ते हुशारीमुळे नव्हे, दहा वेळा चुकल्यामुळे.

मग नुसतं टक लावून लक्ष ठेवावं, असं कुणी म्हणेल. ते माणसाला जमत नाही. दुसऱ्या महायुद्धात रडारच्या पडद्यासमोर बसलेले सैनिक ठिपके का चुकवतात, हे शोधायला नॉर्मन मॅकवर्थ यांनी एक घड्याळ केलं. काटा टिकटिक पुढे सरकायचा, मधूनच दोन घरं उडी मारायचा, ती उडी तेवढी सांगायची. पहिल्या अर्ध्या तासानंतर माणसं ती चुकवू लागली. चांगली, निरोगी, इमानदार माणसं.

आपल्याकडचं उदाहरण १४ फेब्रुवारी १९९० चं. इंडियन एअरलाइन्सचं मुंबई-बंगळूर ६०५, एअरबस ए३२०. हे विमान देशात येऊन तेव्हा फार दिवस झाले नव्हते. भर दुपार, स्वच्छ हवा, पुढे दोन अनुभवी कॅप्टन, एक दुसऱ्याची परीक्षा घेणारा. तरीही विमान धावपट्टीच्या अलीकडे गोल्फच्या मैदानावर आपटलं; १४६ पैकी ९२ जण गेले. यंत्रणा अशा मोडमध्ये गेली होती की इंजिनं मंद जोरावरच राहणार होती, आणि वैमानिकांच्या मनात मात्र वेग यंत्र सांभाळतंय असं होतं. वेग आणि उंची दोन्ही घसरत गेले. लक्षात आलं तेव्हा जोर लावला, पण मंद चालणारं जेट इंजिन जोर धरायला काही सेकंद घेतं. तेवढे नव्हते. एअरबसमध्ये ऑटोथ्रॉटल जोर बदलतो तेव्हा वैमानिकाच्या हाताखालची जोराची लिव्हर हलत नाही, त्यामुळे हातालाही कळायला वाव नाही. २३ वर्षांनी, ६ जुलै २०१३ रोजी, सॅन फ्रान्सिस्कोला एशियाना कंपनीचं बोइंग ७७७ जवळजवळ याच गैरसमजात आदळलं. तिथे तिघे दगावले. कंपनी वेगळी, विमान वेगळं, गैरसमज तोच: वेग यंत्राकडे आहे.

यंत्र नेहमी नीट वागतं आणि माणूसच चुकतो, असंही नाही. बोइंग ७३७ मॅक्समध्ये एकाच संवेदकावर विसंबलेली यंत्रणा विमानाचं नाक पुन्हा पुन्हा खाली दाबत राहिली. लायन एअर, ऑक्टोबर २०१८. इथिओपियन, मार्च २०१९. मिळून ३४६ मृत्यू. अशी यंत्रणा विमानात आहे हे लायन एअरच्या वैमानिकांना सांगितलेलंही नव्हतं. त्याच विमानाने आदल्या रात्री हाच त्रास दिला होता. तेव्हा कॉकपिटमध्ये ड्युटीवर नसलेला एक तिसरा वैमानिक बसला होता; त्याच्या मदतीने नाक दाबणारी मोटर बंद केली गेली आणि विमान सुखरूप उतरलं. (अहमदाबादचा १२ जून २०२५ चा अपघात मी या रांगेत घालत नाही. त्याचा प्राथमिक अहवाल इंधनाच्या स्विचांबद्दल आहे, ऑटोपायलटबद्दल नाही. काकांनी तोही विषय काढला होता.)

अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने जानेवारी २०१३ मध्ये विमान कंपन्यांना सुचवलं की जमेल तेव्हा वैमानिकांना हाताने उडवायला प्रोत्साहन द्या. सूचना छापणं सोपं असतं. माझा भाचा एका विमान कंपनीत फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक, आहे, त्याला विचारलं. म्हणाला, “मामा, हवा मोकळी असली, गर्दी नसली, तर मी विचारतो, सर, आज हाताने आणू का? काही कॅप्टन हो म्हणतात. मुंबईत गर्दीच्या वेळी मीच विचारत नाही. मी हाताने उडवायला लागलो की रेडिओ, चेकलिस्ट, सगळा बोजा शेजारच्यावर पडतो.” आणि वर, मधल्या तासांत? तिथे हात लावायचा नाही, तर तो मनातल्या मनात एक खेळ खेळतो. या क्षणी सगळे आकडे गेले तर नाक किती वर ठेवायचं आणि इंजिन किती? साधारण अडीच अंश, आणि जोराचा काटा आत्ता आहे तिथेच. थोड्या वेळाने वजन घटलेलं असतं, आकडे बदललेले असतात, म्हणून पुन्हा.

मी काकांना हे सगळं सांगितलं. ते प्रभावित झाले. मीही झालो होतो, गेल्या सुट्टीत भाचा घरी येईपर्यंत. रात्री सगळ्यांना घेऊन सराफ्यात निघाला, गाडीत बसल्या बसल्या फोनवर नकाशा लावला. सराफा राजवाड्याला लागूनच, आणि राजवाडा समोर दिसत होता.