चंद्रावर पंप लागत नाही

१४ नोव्हेंबर २००८ रोजी चांद्रयान-१ मधून सुटलेली एक पेटी चंद्रावर जाऊन आदळली. खाली कोसळता कोसळता तिच्यातलं ‘चेस’ हे उपकरण भोवतालचे तुरळक रेणू टिपत होतं. ‘चेस’ म्हणजे मास स्पेक्ट्रोमीटर, रेणूंचा तराजू. पृथ्वीवर या तराजूच्या गळ्यात निर्वात पंपाचं लोढणं असतं. चंद्राजवळ निर्वात फुकट मिळतो.

रेणू तोलायचा, तर तो वाटेत कशावर न आपटता जायला हवा. आपल्या हवेत मात्र तो जेमतेम ७० नॅनोमीटर, म्हणजे केसाच्या जाडीचा हजारावा भाग, जातो न जातो तोच दुसऱ्यावर आपटतो. आषाढीच्या गर्दीत एखाद्याची चाल मोजायला जावं, तशी गत! दाब दहा कोटी पटींनी उतरवला, की तोच रेणू सहा-सात मीटर बिनधक्का जातो.

हे काम बहुधा टर्बोमॉलिक्युलर पंपाकडे असतं. जर्मनीच्या विली बेकर यांनी तो १९५८ मध्ये शोधला. त्याची तिरकी पाती रेणूंना टोलवत बाहेर काढतात. पण नायट्रोजनचा रेणू सेकंदाला सुमारे ४७० मीटर धावतो. पात्यांनाही साधारण त्याच तोडीचा वेग हवा. पात्याच्या टोकाला सेकंदाला ३०० मीटर वेग द्यायचा, तर १० सेंटीमीटर व्यासाच्या चक्राला मिनिटाला सुमारे ५७ हजार फेरे पुरतात. उपकरण हातात मावावं म्हणून तेच चक्र ३ सेंटीमीटरचं केलं, की १ लाख ९० हजार! बेअरिंगचा जीव जातो तो इथे. शिवाय चक्र लहान झालं, तरी पातं आणि भिंत यांमधली फट त्या प्रमाणात लहान करता येत नाही, आणि तिथून वायू मागे झिरपतो.

२०१२ मध्ये मंगळावर उतरलेल्या क्युरिऑसिटीवरचे छोटे पंप मिनिटाला १ लाख फेरे घेतात. अमेरिकेतल्या क्रिएर कंपनीने ते बनवले. मात्र मंगळाची हवाच इतकी विरळ, की उपसलेला वायू ते थेट बाहेर सोडतात.

पृथ्वीवर ती सोय नाही. बाहेर हजार मिलीबारचा दाब; त्याविरुद्ध वायू ढकलायला टर्बोच्या मागे आणखी एक पंप जोडावा लागतो. म्हणजे वजन वाढलं, बॅटरीही लवकर संपली. माझ्या मते खरी अडचण या दुसऱ्या पंपाची आहे, आणि कौतुक मात्र नेहमी पहिल्याचं होतं.

पर्ड्यू विद्यापीठात ग्रॅहम कुक्स यांच्या गटाने २००८ मध्ये उलटा विचार केला. पंप मोठा करण्याऐवजी हवाच कमी आत घ्यायची. झडप काही मिलिसेकंद उघडायची, मिटायची, पंपाला दम खाऊ द्यायचा, मग रेणू मोजायचे. मोजणी सलग होत नाही, पण उपकरण हातात उचलता येतं.

दुसरी वाट गेटरची, म्हणजे वायू गिळणाऱ्या धातूची. जुन्या रेडिओच्या व्हॉल्व्हमध्ये काचेला आतून चंदेरी डाग दिसायचा, आठवतो? तो बेरियमचा थर उरलासुरला वायू गिळायचा. आजचे गेटर झिर्कोनियमच्या मिश्रधातूंचे असतात. फिरणारा भाग नाही, आवाज नाही, एकदा तापवून जागे केले की बहुतेकांना वीजही लागत नाही. पण हवेत जवळपास एक टक्का असलेला अरगॉन कशालाच चिकटत नाही. त्याच्यासाठी शेजारी एक छोटा आयन पंप (विजेच्या जोरावर वायू पकडून ठेवणारा) किंवा टर्बो ठेवावाच लागतो.