'कंबर वळवा' म्हणजे नेमकं काय वळवा?

गोल्फ शिकायला लागलं की पहिल्या आठवड्यातच कानावर येतं, "कंबर वळवा." शिकणारा इमानेइतबारे कंबर वळवतो, चेंडू उजवीकडच्या झाडीत जातो आणि रात्री पाठ धरते. यात निम्मा दोष आपल्या भाषेचाही आहे. पट्टा बांधतो ती जागा, पाठीचा खालचा भाग आणि मांडीचं हाड धडाला जोडलेलं असतं तो खुबा, हे सगळं आपण 'कंबर' या एकाच शब्दात कोंबतो.

यातले पाठीच्या खालच्या भागातले पाच मणके वळण्यासाठी घडलेलेच नाहीत. त्यांचे सांधे पुढे-मागे वाकायला छान, पण डावी-उजवीकडे वळायचं तर पाचही मिळून एका बाजूला जेमतेम दहा-पंधरा अंश. खुबा मात्र खोबणीत बसलेला गोळा आहे, तो फिरतो. गोल्फमध्ये वळायचं असतं ते दोन खुब्यांवर तोललेलं हाडांचं कडं, म्हणजे पेल्व्हिस.

उजव्या हाताने खेळणाऱ्या कसलेल्या खेळाडूचं पाहू. क्लब, म्हणजे चेंडू मारायची काठी, मागे नेऊन वर पोचला की पेल्व्हिस साधारण 45 अंश उजवीकडे वळलेला असतो, खांदे 90 अंश. क्लब चेंडूला लागतो त्या क्षणी पेल्व्हिस 40 अंशांच्या आसपास लक्ष्याकडे उघडलेला. म्हणजे 85 अंशांचा प्रवास, आणि त्यासाठी हाती असतो फक्त पाव सेकंद. सरासरी काढली तर सेकंदाला 340 अंश. मधला सर्वोच्च वेग सेकंदाला 450 ते 500 अंशांपर्यंत जातो.

गंमत अशी की हा सर्वोच्च वेग चेंडू मारताना नसतोच. त्याच्या आधीच येऊन गेलेला असतो. पेल्व्हिस मंदावू लागतो तेव्हा छाती वेग घेते, ती मंदावते तेव्हा हात, आणि शेवटी क्लब. तो सेकंदाला 2000 अंशांच्या पुढे जातो आणि ड्रायव्हरचं, म्हणजे सगळ्यात लांब मारायच्या क्लबचं, डोकं ताशी 180 किलोमीटरला पोचतं. पोतराजाचा आसूड आठवा. मनगट झटका देऊन थांबतं, तो झटका दोरीतून पुढे सरकतो आणि निमुळत्या शेंड्याचा कडाका उडतो. मनगट शेंड्याबरोबर फिरतच राहिलं असतं, तर आवाज निघाला नसता.

मग पेल्व्हिसला ब्रेक कोण लावतं? एक ब्रेक न्यूटनच्या तिसऱ्या नियमातला. पोटाचे तिरके स्नायू छातीला डावीकडे ओढतात, तेव्हा तेच स्नायू पेल्व्हिसला उलट दिशेला ओढत असतात. दुसरा ब्रेक सरळ होत जाणारा डावा पाय. त्यामुळे पेल्व्हिस मुद्दाम थांबवायच्या फंदात पडू नये. वरचं शरीर आपल्या वेळेला निघालं, तर तो आपोआप मंदावतो. सगळा खेळ त्या 'आपल्या वेळेला'चा आहे.

ती वेळ दोन तऱ्हांनी चुकते. नवखा माणूस पेल्व्हिस आणि खांदे एकदमच गरकन फिरवतो. क्लब बाहेरून आत कापत येतो आणि चेंडू उजवीकडे वळतो. हा बहुतेकांचा आजार. दुसरी चूक चांगल्या खेळाडूंची. पेल्व्हिस इतका पुढे पळतो की हात पाठीमागे अडकून पडतात, मग मनगटांनी कशीबशी भरपाई करावी लागते. टायगर वुड्स याला 'अडकणं' म्हणायचा आणि वर्षानुवर्षं त्याच्याशी झगडला. तरुणपणी तो डावा पाय फाटकन सरळ करायचा. 2008 च्या जूनमध्ये डाव्या गुडघ्यातलं लिगामेंट फाटलेलं आणि नडगीच्या हाडाला दोन तडे गेलेले असताना त्याने 91 होल खेळून यूएस ओपन जिंकली. सगळं खापर स्विंगवर, म्हणजे क्लब फिरवण्याच्या पद्धतीवर, फोडणं बरोबर नाही, लिगामेंट धावताना फाटलं होतं. पण प्रत्येक फटक्याला सगळं वळण ज्यावर येऊन थांबतं, तो गुडघा हाच.

आता नियंत्रणाचं. डोळ्यांनी काही पाहून हात हलवायलाच माणसाला पाव सेकंदाच्या जवळपास लागतो. तेव्हा क्लब खाली येऊ लागल्यावर मधेच काही सुधारेन म्हणणं व्यर्थ आहे. जे ठरायचं ते वर असतानाच ठरतं. क्लब अजून मागे जात असतानाच चांगल्या खेळाडूचा भार डाव्या पावलाकडे सरकू लागतो आणि पेल्व्हिस परतायला लागतो. कोच दोन्ही पावलं जुळवून उभं करतात आणि क्लब मागे जाताजाता डावं पाऊल टाकायला लावतात, ते एवढ्यासाठीच. हा क्रम शब्दांनी समजावण्यापेक्षा त्या एका पावलात लवकर कळतो, असं माझं मत.

वळण्याची ताकद येते जमिनीतून. गुळगुळीत फरशीवर मोजे घालून स्विंग करून पाहा, म्हणजे कळेल. बरणीचं झाकण फिरवताना बोटं एका बाजूने पुढे आणि अंगठा दुसऱ्या बाजूने मागे ढकलतो, तशी दोन्ही पावलं जमिनीला उलटसुलट रेटतात आणि जमीन पेल्व्हिसला फिरवते. पाय घसरला की उरतं फक्त पाठ पिळणं.

आणि डाव्या खुब्याचं आतलं वळण कमी असेल, तर पाय न घसरताही हेच होतं. पाऊल जमिनीत रोवलेलं, पेल्व्हिस त्यावर डावीकडे फिरतोय, म्हणजे खुब्यात मांडीचं हाड आत वळायला हवं. ते वळलं नाही की उरलेलं वळण मणक्यांकडून आणि गुडघ्याकडून वसूल होतं. इथे आपली एक समजूत मोडावी लागते. "मी रोज मांडी घालून जेवतो, माझे खुबे मोकळेच आहेत" हे पुरेसं नाही, कारण मांडी घालताना खुबा बाहेर वळतो. गोल्फला हवं आहे ते उलट वळण.

तपासायला खुर्ची पुरे. ताठ बसा, गुडघे जुळलेले ठेवा आणि बूड न उचलता डावं पाऊल बाहेरच्या बाजूला न्या. नडगी 35 ते 45 अंश तिरकी झाली तर ठीक. वीसवरच अडकली, तर चेंडूसमोर उभं राहताना डाव्या पावलाचा चवडा थोडा बाहेर वळवून ठेवा, म्हणजे खुब्याला आयतेच काही अंश मिळतात. जुन्या काळचा नामवंत अमेरिकी गोल्फपटू बेन हॉगन तर डावं पाऊल असंच ठेवायला सांगत असे.