पेसमेकरची तार आणि रेंगाळणारा ताप

पेसमेकर बसवलेल्या माणसाच्या घरी चर्चा असते ती बॅटरीची. डॉक्टरांचं लक्ष मात्र तारेवरही असतं. छातीवर कातडीखाली छोटी डबी असते. तिच्यातून निघालेली तार कॉलरबोनखालच्या शिरेतून हृदयाच्या उजव्या बाजूला उतरते. खालच्या कप्प्यात जायचं तर वाटेत वरच्या आणि खालच्या कप्प्यांमधली ट्रायकस्पिड झडप ओलांडावी लागते.

या तारेला जंतुसंसर्ग होणं तसं विरळा, पण झाला तर जिवावर बेतू शकतं. जंतू बहुतेक वेळा आपल्याच कातडीवर मुक्कामाला असलेले स्टॅफिलोकॉकस. पाण्याच्या टाकीत धरतो तसा बुळबुळीत थर ते तारेवर धरतात आणि त्याच्या आड बसले की अँटिबायोटिकला दाद देत नाहीत. झडपेवरही गाठी धरतात. त्यांचा तुकडा सुटला की रक्ताबरोबर थेट फुप्फुसात. मग रुग्ण खोकत येतो आणि न्यूमोनिया म्हणून उपचार सुरू होतात!

कधी डबीवरची कातडी लाल होते, सुजते. कधी बाहेरून काहीच दिसत नाही, नुसता बारीक ताप आणि थंडी, तेही ऑपरेशननंतर अनेक महिन्यांनी. अशा वेळी ‘व्हायरल असेल’ म्हणून दुकानातून अँटिबायोटिक आणून घेणं सगळ्यात वाईट. त्यानंतर केलेल्या ब्लड कल्चरमध्ये, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून बघण्याच्या तपासणीत, जंतू सापडेलच असं नाही. आधी कल्चर, मग औषध. शिवाय अन्ननलिकेतून केलेली इको तपासणी (हृदयाची सोनोग्राफी) तारेवरच्या गाठी जास्त स्पष्ट दाखवते.

निदान पक्कं झालं की डबी आणि तारा, सगळंच काढावं लागतं. नुसत्या इंजेक्शनांवर भागत नाही. जुनी तार शिरेला चिकटलेली असते. ती सोडवायला लेसरची नळी वापरतात, आणि ते काम जोखमीचं आहे.

बॅटरी बदलताना हा धोका पुन्हा उभा राहतो. 1958 मध्ये स्वीडनमध्ये शरीरात बसवलेला जगातला पहिला पेसमेकर ज्यांना मिळाला ते आर्ने लार्सन 2001 पर्यंत जगले. तोवर त्यांचे 26 पेसमेकर झाले होते. आता अँटिबायोटिक लावलेली, विरघळणारी जाळीची पिशवी डबीभोवती घालता येते. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत तिने गंभीर संसर्ग सुमारे 40 टक्क्यांनी घटवला. कॅप्सूलएवढा बिनतारी पेसमेकरही निघाला आहे. तो थेट हृदयातच बसतो आणि त्याला संसर्ग क्वचितच होतो, पण प्रत्येक रुग्णाला तो चालत नाही.