ऐतिहासिक लघुसैन्य

इतिहासात प्रत्यक्ष होऊन गेलेल्या सैन्याच्या पलटणी, रिसाले आणि तोफखाना धातूच्या, प्लॅस्टिकच्या किंवा रेझिनच्या छोट्या शिपायांच्या रूपाने जमवणे, ते शिपाई त्या काळच्या पोशाखाप्रमाणे हाताने रंगवणे आणि टेबलावर मांडलेल्या रणभूमीवर ठरलेल्या नियमांनी लढवणे, असा हा तिपेडी छंद आहे. त्याचा सर्वाधिक प्रसार इंग्लंडमध्ये झाला असून युरोप, अमेरिका आणि ऑस्ट्रेलियातही त्याची मंडळे आहेत. बाहेरून पाहणाऱ्याला तो खेळ वाटतो. प्रत्यक्षात छांदिष्टाचा बहुतेक वेळ फाशांपेक्षा कुंचल्यासोबत जातो. एका बाजूच्या काही पलटणी रंगवून पूर्ण व्हायलाही कित्येक महिने लागतात आणि त्या काळात ‘या शिपायाच्या बाहीची पट्टी कोणत्या रंगाची होती?’ अशा प्रश्नांची उत्तरे शोधावी लागतात. रंगवलेला प्रत्येक शिपाई म्हणजे भूतकाळाविषयी केलेले एक विधान असते, ते बरोबर असू शकते किंवा चूक. या छंदाचे खरे मोल इथे आहे.

युद्धाचा खेळ मुळात बुद्धिबळाच्या पटावरून निघाला. हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ या चतुरंग सेनेची आठवण जपणारा तो पट योहान हेलविग या ब्राउनश्वाइगच्या प्राध्यापकाने १७८० मध्ये सोळाशेहून अधिक घरांचा केला आणि त्या घरांना डोंगर, पाणी, गाव असे भूप्रदेश नेमून दिले. पुढे प्रशिया या जर्मन राज्यात राइस्विट्झ पितापुत्रांनी घरेच काढून टाकली. वडिलांनी १८१२ मध्ये राजाला आपला खेळ दाखवला. मुलाने १८२४ मध्ये १:८००० प्रमाणाचा नकाशा, फासे आणि पंच यांवर आधारलेले नियम छापले आणि सरसेनापतींच्या कार्यालयाचे प्रमुख म्युफलिंग यांनी ते सैन्याला शिफारसपूर्वक दिले. या खेळात शिपाई नव्हते, लहान ठोकळे होते. शिपाई आले ते खेळण्यांच्या दुकानातून. न्यूरेंबर्गच्या कारागिरांनी, त्यांत हिल्पर्ट यांचे नाव प्रथम घेतले जाते, अठराव्या शतकात कथलाचे चपटे शिपाई ओतायला सुरुवात केली. लंडनमध्ये विल्यम ब्रिटन यांनी १८९३ मध्ये पोकळ ओतकामाची युक्ती काढली: वितळलेला धातू साच्यात ओतायचा, साच्याला टेकलेला थर गोठताच उरलेला बाहेर ओतून घ्यायचा. त्यामुळे धातू वाचला, शिपाई हलका आणि स्वस्त झाला आणि सामान्य घरांतल्या मुलांच्या हाती पलटणी आल्या.

या दोन धारा घरगुती खेळात एकत्र आणण्याचे श्रेय बहुधा इंग्रज लेखक एच. जी. वेल्स यांना दिले जाते. १९१३ च्या ‘लिटल वॉर्स’ या त्यांच्या छोट्या पुस्तकात ब्रिटन यांचे ५४ मिलिमीटर उंचीचे शिपाई आणि लाकडी गोळी उडवणारी स्प्रिंगची तोफ वापरून खेळायचे नियम आहेत. प्रौढांचा संघटित छंद मात्र दुसऱ्या महायुद्धानंतरचा. कॅलिफोर्नियात जॅक स्क्रबी स्वतः शिपाई ओतून विकत होते. इंग्लंडमध्ये डोनाल्ड फेदरस्टोन यांचे या विषयावरील पुस्तक १९६२ मध्ये आले. त्याच सुमारास एअरफिक्स कंपनीने मऊ प्लॅस्टिकच्या शिपायांची डबी बाजारात आणली. खिशातल्या पैशांत पलटण मिळू लागली आणि एका पिढीला या छंदाची गोडी लागली. रंग मात्र त्या मऊ प्लॅस्टिकवर टिकत नसे. शिपाई जरा वाकला की बंदुकीवरचा रंग सोलून निघे.

शिपायांची उंची मिलिमीटरमध्ये सांगतात. ६, १०, १५, २८ ही मापे प्रचलित आहेत आणि ५४ मिलिमीटरचे शिपाई आता प्रामुख्याने कपाटात मांडण्यासाठी घेतले जातात. माप तळव्यापासून डोळ्यांपर्यंत घ्यायचे की टाळूपर्यंत, यावर उत्पादकांचे एकमत नसल्याने दोन कंपन्यांचे २८ मिलिमीटरचे शिपाई शेजारी उभे केले तर एक दुसऱ्याचा थोरला भाऊ वाटतो. मापाची निवड ही खरे तर दृष्टीची निवड आहे. २८ मिलिमीटरमध्ये माणसाचा चेहरा दिसतो. ६ मिलिमीटरमध्ये चेहरा हरवतो, पण सैन्याची रांग, तिची लांबी आणि तिच्या बाजूला पडलेली फट दिसते. मूळ नमुना बहुधा दोन घटकांच्या इपॉक्सी पुट्टीत घडवतात, त्यावरून रबराचा गोल साचा करतात आणि साचा वेगाने फिरवत त्यात कथलाचा मिश्रधातू सोडतात. अलीकडे संगणकावर घडवलेला नमुना घरच्या त्रिमितीय छपाईयंत्रावर रेझिनमध्ये काढता येतो.

रंगकामाची सुरुवात पात्याने साच्याची शिवण, म्हणजे साच्याचे भाग जुळतात तिथे उरलेली रेघ, खरवडण्यापासून होते, कारण रंग दिल्यावर तीच शिवण सर्वांत आधी डोळ्यांत भरते. नंतर शिपाई साबणाच्या पाण्यात धुऊन त्याला प्रायमर देतात. पुढचे काम एकेका शिपायाचे नसून रांगेचे असते: बारा-पंधरा शिपाई काड्यांवर चिकटवून आधी सगळ्यांची कातडी, मग सगळ्यांच्या विजारी, मग कोट, मग पट्टे, म्हणजे आतून बाहेर, माणूस कपडे चढवतो त्याच क्रमाने. इतक्या लहान मूर्तीवर खोलीतला उजेड पुरेशी सावली पाडत नाही. घडी कोरलेली असूनही दिसत नाही. म्हणून सावलीही रंगवावी लागते. पातळ गडद रंगाचा वॉश खाचांत उतरतो, त्यावर उंचवट्यांना फिकट रंगाचा हात दिला जातो. लोकर, फर आणि घोड्याची आयाळ यांवर जवळजवळ कोरडा ब्रश फिरवतात. जवळून पाहिले तर हे रंग भडक, तुटक वाटतात. हातभर अंतरावरून तेच एकजीव होतात, आणि खेळणारा शिपायांकडे तेवढ्याच अंतरावरून पाहतो. नवशिक्याची नेहमीची चूक ही की तो पहिल्या शिपायाच्या डोळ्यांच्या बाहुल्यांवर संध्याकाळ घालवतो आणि विसाव्या शिपायापर्यंत पोचतच नाही. शेवटी तळाच्या पट्टीवर वाळू आणि कृत्रिम गवत चिकटवतात. तळ सगळ्यांचा सारखा असेल तर वेगवेगळ्या वर्षी रंगवलेली पलटणही एका मुलखातली दिसते.

नेपोलियनच्या काळाची सैन्ये रंगवणाऱ्यांत सदैव लोकप्रिय आहेत, कारण तिथे पोशाख देखणे आहेत आणि त्यांचे नियम लिहून ठेवलेले आहेत. १८०८ च्या फर्मानानुसार फ्रेंच पायदळाच्या बटालियनमध्ये सहा कंपन्या आणि ८४० माणसे असावीत असे ठरले. एका शिपायाला वीस माणसे मोजली तर टेबलावर ४२ शिपाई लागतात. ब्रिटिश पलटणींचे कोट बहुतेक लाल, पण कॉलर आणि बाहीच्या पट्टीवरून पलटण ओळखू येई: ३३वीची लाल, ४२वीची गडद निळी, ४४वीची पिवळी. कागदावरचा नियम आणि रणांगणावरचा माणूस यांत मात्र अंतर असते. मोहिमेत कोट विटतात, ठिगळे लागतात, विजारी मिळेल त्या कापडाच्या होतात. जाणकार छांदिष्ट हे फरकही रंगवतो.

शिपायांच्या मांडणीतून इतिहासावर वाद कसा उभा राहतो याचे मोठे उदाहरण खेळातले नसून प्रदर्शनातले आहे. विल्यम सिबॉर्न या ब्रिटिश अधिकाऱ्याने, नेपोलियनचा जिथे शेवटचा पराभव झाला त्या वॉटर्लूच्या शेतावर आठ महिने राहून मोजणी केली, लढलेल्या अधिकाऱ्यांना पत्रे पाठवून त्यांची पलटण संध्याकाळी सातच्या सुमारास कुठे होती आणि शेतात कोणते पीक उभे होते हे विचारले आणि सुमारे ७५ हजार शिपायांची प्रतिकृती १८३८ मध्ये लंडनमध्ये मांडली. ती आज तेथील नॅशनल आर्मी म्युझियममध्ये आहे. ब्रिटिशांच्या बाजूने लढणारे प्रशियाचे सैन्य त्या क्षणी किती पुढे आले होते, हा प्रश्न ब्रिटिश सेनापती वेलिंग्टनला रुचला नाही; पुढे सिबॉर्नने त्यातले बरेच प्रशियन शिपाई काढून घेतले.

खेळाचे नियम काळानुसार आणि मापानुसार वेगळे असतात. सर्वसाधारणपणे खेळाडू आळीपाळीने पलटणी इंचांच्या पट्टीने हलवतात, गोळीबार आणि हातघाई फाशांनी ठरते आणि मार खाल्लेली पलटण टिकते की पळते याची स्वतंत्र चाचणी होते. फिल बार्कर यांचे १९९० मधले प्राचीन युद्धांचे नियम प्रत्येक सैन्याला शिपाई चिकटवलेल्या फक्त बारा पट्ट्या देतात. छोट्या घरात, एका संध्याकाळी पूर्ण होणारा हा खेळ अनेकांना मोठ्या सैन्यापर्यंत घेऊन गेला.

महाराष्ट्राच्या भूमीवरील एक लढाई या टेबलांवर वारंवार मांडली जाते: २३ सप्टेंबर १८०३ ची असईची. जालना जिल्ह्यातल्या केळणा आणि जुई नद्यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्ट्यात वेलस्ली, म्हणजे पुढचा वेलिंग्टन, अचानक उतरला तेव्हा शिंद्यांच्या कवायती कंपूंचा, म्हणजे युरोपीय धर्तीवर शिकवलेल्या पायदळाचा, सेनानी पोलमान याने आपली सारी रांग काटकोनात वळवून त्याच्यासमोर उभी केली. शिंद्यांच्या गोलंदाजांनी ईस्ट इंडिया कंपनीच्या बाजूचे सुमारे सोळाशे लोक हताहत झालेल्या त्या दिवशी शेवटपर्यंत तोफा सोडल्या नाहीत. रांग वळवण्याची ही हालचाल टेबलावर स्वतः करून पाहिली म्हणजे कंपूंच्या कवायतीची प्रत लक्षात येते. मराठी फौज म्हणजे केवळ गनिमी कावा, हा समज तिथे टिकत नाही.

मराठ्यांचे सैन्य रंगवणे मात्र फ्रेंचांपेक्षा कठीण आहे. छापील गणवेशनियम नाहीत. शिलेदार स्वतःचा घोडा आणि स्वतःची हत्यारे घेऊन येई; म्हणून शिलेदारांच्या पथकात दोन स्वार सारखे रंगवणे हीच चूक ठरते. बारगिराला घोडा सरकारातून मिळे, गारद्यांची (भाडोत्री बंदूकधारी पायदळाची) आणि कंपूंची शिस्त निराळी, हुजुरातीचा (पेशव्यांच्या खास फौजेचा) थाट वेगळा. हे सारे वेगळे दिसायला हवे, आणि ते बाजारात मिळणाऱ्या तयार पत्रकांत सापडत नाही. आधार आहेत ते विखुरलेले: चित्रकार जेम्स वेल्स याने १७९० च्या दशकात पुण्यात काढलेली चित्रे, मेणवलीच्या नाना फडणविसांच्या वाड्यातली भित्तिचित्रे, पुण्याच्या पेशवे दप्तरातले हिशेबाचे कागद. मोडी वाचता येणारा रंगकर्मी इथे परदेशी छांदिष्टांच्या पुढे जाऊ शकतो. दिवाळीत अंगणातल्या मातीच्या किल्ल्यावर मावळे मांडणाऱ्या आणि उतारावर मोहरी पेरून हिरवळ उगवणाऱ्या मुलांना रणभूमी उभारण्याचा पहिला धडा आधीच मिळालेला असतो. बाजारातल्या त्या मावळ्यांचा रंग ठरतो तो परंपरेने, कागदपत्रांवरून नव्हे, एवढाच फरक.

रंगवून झालेले सैन्य जपणे हेही कौशल्य आहे. रंगावर वार्निशचा हात हवा. तळांना चुंबकी पत्रा लावून लोखंडी पेटीत ठेवलेले शिपाई प्रवासात पडत नाहीत. जुन्या शिशाच्या शिपायांना ओकच्या लाकडी कपाटाचे वावडे असते, कारण त्या लाकडातून निघणाऱ्या आम्लाच्या वाफेने शिशावर पांढरी भुकटी चढते आणि शिपाई आतून पोखरला जातो. ती भुकटी विषारी असल्याने असे शिपाई हाताळल्यावर हात धुवावेत आणि ते मुलांच्या हाती देऊ नयेत.