कॉलिन्स की फिझ? आधी बर्फ कुठे आहे ते बघा

लग्नाच्या रिसेप्शनला नवरा-नवरीच्या नावाचं एखादं खास कॉकटेल ठेवायचं ठरलं, की यादीत हमखास दोन नावं येतात: टॉम कॉलिन्स आणि जिन फिझ. दोन्हींची कृती वाचली तर माणूस चक्रावतो. जिन, लिंबाचा रस, साखरेचा पाक, सोडा. इथेही तेच, तिथेही तेच. इंटरनॅशनल बारटेंडर्स असोसिएशनच्या अधिकृत कृतींतही दोन्हीकडे ४५ मिली जिन आणि ३० मिली रस आहे. पाकात ५ मिलीचा फरक, आणि सोडा कॉलिन्सला ६० मिली तर फिझला जरासा शिंतोडा. मग एकाच पेयाला दोन नावं कशाला?

फरक बर्फाच्या जागेत आहे. कॉलिन्समध्ये बर्फ ग्लासात असतो. उंच ग्लास बर्फाने भरायचा, त्यावर जिन, रस, पाक ओतायचा, वरून सोडा, चमच्याने एकदा हलकंसं ढवळायचं, झालं. फिझमध्ये बर्फ शेकरमध्ये, म्हणजे पेय हलवायच्या झाकणबंद भांड्यात असतो. सोडा सोडून बाकी सगळं बर्फाबरोबर जोरात हलवायचं, गाळून बर्फ नसलेल्या छोट्या ग्लासात घ्यायचं आणि वर थोडा सोडा सोडायचा. हलवल्यामुळे आत हवा शिरते आणि सोडा पडला की वर पांढरा फेस चढतो. फिझची सगळी मजा त्या फेसात आहे, आणि तो काही मिनिटांत बसतो. फिझ घेतला की चार-पाच घोटांत संपवायचा, हा त्याचा मूळ स्वभाव.

आता रिसेप्शनमधला पाहुणा डोळ्यांसमोर आणा. हातात ग्लास, कुणीतरी जुना मित्र भेटलेला, तेवढ्यात फोटोसाठी हाक, परत गप्पा. अर्धा तास तो ग्लास हातातच. कॉलिन्स या अर्ध्या तासात फार तर थोडा पातळ होतो, पण गार राहतो. फिझ मात्र दहा मिनिटांत कोमट लिंबूपाणी होऊन बसतो.

पैशांचं गणितही इथेच फिरतं. दारूचा खर्च दोन्हीकडे सारखाच, कारण माप तेच. पण कॉलिन्सच्या ३०० मिलीच्या ग्लासात १५० मिली पेय ओतलं तरी बर्फामुळे ग्लास काठोकाठ भरलेला दिसतो. फिझचा ग्लास मुळात लहान, त्यामुळे तेवढीच जिन देऊनही हात आखडता घेतल्यासारखं वाटतं. फिझमध्ये बर्फ तरी वाचेल, असं वाटत असेल तर तेही खोटं. शेकरमधला बर्फ प्रत्येक खेपेला फेकावा लागतो.

खरा खर्च हातांचा. हलवणं, गाळणं, शेकर विसळणं धरून एका खेपेला मिनिटभर सहज जातं, आणि एका शेकरमध्ये दोनच पेयं नीट बसतात. शंभर पाहुणे एकदम आत आले की पन्नास खेपा. एका मित्राच्या लग्नात मी ही रांग पाहिली आहे. बारवर एकटा बिचारा पोरगा, त्याचे दंड भरून आलेले, आणि मागे उभ्या मंडळींनी शेवटी बिअर मागून घेतली. हेन्री रामोस या बारटेंडरने १८८८ मध्ये अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्सला फिझचा जो प्रसिद्ध प्रकार काढला, त्यात अंड्याचा पांढरा भाग आणि साय असते. तो इतका वेळ हलवावा लागे की १९१५ च्या मार्डी ग्रा उत्सवात त्यांनी नुसते शेकर हलवायला ३५ पोरं उभी केली होती, असं सांगतात. बजेट सांभाळायला निघालेल्या माणसाने तिकडे फिरकू नये.

कॉलिन्सचं मिश्रण आधी करून ठेवता येतं. शंभर ग्लासांना जिन ४.५ लिटर, म्हणजे ७५० मिलीच्या बरोबर सहा बाटल्या. रस ३ लिटर, पाक दीड लिटर. हे नऊ लिटर मिश्रण फ्रिजमध्ये गार करायचं आणि बर्फाच्या ग्लासात ९० मिली ओतून वर ६० मिली सोडा. हे काम घरातला कुणीही करू शकतो. सोडा मिश्रणात आधी घालायचा नाही, बुडबुडे उडून जातात. आणि सोड्याच्या बाटल्याही गारच हव्यात, कोमट सोडा ओतताक्षणी निम्मा फसफसून संपतो. हिशेबाने सोडा ६ लिटर होतो, पण थोडा जास्त घ्या आणि बाटल्या लहान घ्या. उघडून ठेवलेली मोठी बाटली कुणाच्याच कामाची नाही.

रस त्याच दिवशी काढा. शिळा रस मिश्रणात लगेच कळतो. पाक मात्र दोन दिवस आधी चालेल: साखर आणि पाणी समप्रमाणात घेऊन साखर विरघळेपर्यंतच गरम करायचं, तार यायची वाट बघायची नाही. चव बर्फ आणि सोडा घालूनच बघा, कारण गार पेयात गोडी दबते. आंबट लागलं तर ग्लासमागे पाक २० मिली करा. आणि जिन महागडी घेऊ नका. इतक्या लिंबाखाली आणि सोड्याखाली तिचे बारकावे कुणाला लागत नाहीत.

‘खास’पणा आणायचा तो पाकातून. पुदिना, काकडी किंवा एखादी बेरी पाकात मुरवून गाळली की रंगही येतो, नावही देता येतं, आणि दारू एकाच प्रकारची लागते.

फिझ अगदी टाकाऊ आहे असं नाही. वीस-पंचवीस माणसांची बैठक असेल, बारवर सराईत हात असेल आणि पेय समोर येताच प्यायलं जाणार असेल, तर तो फेस कॉलिन्सपेक्षा कितीतरी देखणा. अंड्याचा पांढरा भाग घातलेला ‘सिल्व्हर फिझ’ असेल तर मात्र आधी सांगायला हवं. कच्चं अंडं न खाणारे आणि गरोदर बायका पाहुण्यांत असतातच.

कॉलिन्सचा आणखी एक उपयोग म्हणजे जिन वगळली तरी पेय उरतं. रस-पाकाचं थोडं मिश्रण जिन घालण्याआधीच वेगळ्या जारमध्ये काढा. ४५ मिली मिश्रण, बाकी सोडा, तोच बर्फ, तोच ग्लास. दोन्ही जार दिसायला जवळपास सारखेच असतात, म्हणून जिनच्या जारवर मोठ्या अक्षरांत चिठ्ठी चिकटवा, आणि तो टेबलाच्या त्या टोकाला ठेवा जिथे मुलांचे हात पोहोचत नाहीत.