ट्रिब्यून

ट्रिब्यून : जनतेचा कैवारी, लोकांच्या हक्कांसाठी सत्तेसमोर उभा राहणारा माणूस, या अर्थाचा इंग्रजी शब्द. मूळ लॅटिन ‘ट्रिब्यूनस’. त्याचा संबंध ‘ट्रिबस’ म्हणजे गण किंवा जमात या शब्दाशी आहे. रोमन सैन्यातल्या काही अधिकाऱ्यांनाही ट्रिब्यून म्हणत. पण शब्दाला आजचा अर्थ दिला तो लोकांच्या ट्रिब्यूनांनी.

हे पद रोमच्या उमरावांनी आपण होऊन दिले नाही. कर्जापायी गुलामगिरीत ओढले जाणारे सामान्य नागरिक, म्हणजे प्लेबियन, परंपरेनुसार इ. स. पू. ४९४ मध्ये शहर सोडून जवळच्या टेकडीवर जाऊन बसले. लढणारे हातच गेल्यावर उमराव नमले आणि प्लेबियनांना आपले ट्रिब्यून निवडता येऊ लागले. पुढे त्यांची संख्या १० झाली.

ट्रिब्यूनच्या हाताखाली सैन्य नव्हते. त्याला इजा करणाऱ्याचा जीव घेण्याची शपथ प्लेबियनांनी घेतली होती, हेच त्याचे बळ. अधिकारी एखाद्या नागरिकाला पकडू लागला की तो मध्ये उभा राही आणि अधिकाऱ्याला थांबावे लागे. त्यासाठी तो जागेवर हजर असणे आवश्यक होते. म्हणून त्याच्या घराचे दार रात्रंदिवस उघडे असे आणि शहराबाहेर मुक्काम करण्याची त्याला मुभा नसे. कायदे व ठराव रोखण्याचा नकाराधिकारही यातूनच वाढला.

ही शपथ कायम पाळली गेली नाही. जमीनवाटपाचा कायदा करणारा ट्रिब्यून टायबेरियस ग्रॅकस इ. स. पू. १३३ मध्ये सेनेटरांच्या, म्हणजे उमरावांच्या राज्यसभेतल्या सदस्यांच्या, जमावाकडून मारला गेला. इ. स. पू. २३ मध्ये रोमचा पहिला सम्राट ऑगस्टस याने ट्रिब्यूनचे अधिकार स्वतःकडे घेतले. सत्तेला अडवण्यासाठी जन्मलेले हे पद सम्राटाच्याच हाती गेले, याहून मोठी हानी त्याची झाली नाही.

शब्द मात्र लोकांकडेच राहिला. फ्रेंच राज्यक्रांतीत बाबफ या क्रांतिकारकाने ‘ग्रॅकस’ हे नाव घेतले आणि आपल्या वृत्तपत्राला ‘लोकांचा ट्रिब्यून’ म्हटले. वृत्तपत्रांनाही हे नाव भावले : १८४१ मध्ये होरेस ग्रीलीने ‘न्यूयॉर्क ट्रिब्यून’ काढले, तर १८८१ मध्ये सरदार दयालसिंग मजिठिया यांनी लाहोरला ‘द ट्रिब्यून’ सुरू केले. फाळणीनंतर ते भारतात आले आणि आज चंदीगडहून निघते. न्यायाधिकरणासाठी वापरला जाणारा ‘ट्रिब्यूनल’ हा शब्दही याच कुळातला आहे.