तीन प्रतींचा भार कोणत्या तारेवर?

नेटवर्क मंदावलं की ‘जाड तार टाका’ हा सल्ला हमखास मिळतो. त्या तारेतून काय काय वाहतंय, हे मात्र क्वचितच विचारलं जातं.

सेफ ही मुक्तस्रोत साठवण प्रणाली घ्या. (नाव सेफॅलोपॉडवरून, म्हणजे माखली-ऑक्टोपसच्या कुळावरून.) सहसा ती प्रत्येक तुकड्याच्या तीन प्रती वेगवेगळ्या सर्व्हरवर ठेवते. तुम्ही 4 एमबीचा तुकडा पाठवलात, की तो आधी एका मुख्य डिस्ककडे जातो. ती स्वतः लिहिते, शिवाय आणखी दोन डिस्कना पाठवते. दोघींकडून ‘लिहिलं’ असा निरोप आल्यावरच तुम्हाला पोच मिळते. तुमचे 4 एमबी, तर आतल्या आत 8! एखादी डिस्क मेली, तर सेफ साधारण 10 मिनिटं वाट बघते आणि हरवलेल्या प्रती नव्याने करू लागते. 4 टीबी माहिती एकाच 10 गिगाबिटच्या तारेतून न्यायची तर किमान 53 मिनिटं ती तार भरलेली. त्याच तारेवर तुमची वेबसाइट असेल, तर ग्राहक ताटकळणारच.

म्हणून वाहतुकीच्या प्रकारानुसार सबनेट वेगळे करतात. सबनेट म्हणजे सुरुवातीचे बिट सारखे असलेल्या पत्त्यांचा गट. 411 दिसलं की पत्र पुण्याच्या वाटेला लागतं, तसंच. सर्व्हरवर सेवा बसवणाऱ्या ज्युजू या साधनात अशा सबनेटांच्या गटाला ‘स्पेस’ म्हणतात. सेवा बसवतानाच सांगायचं: सेफचं ‘पब्लिक’ टोक (बाहेरच्या वापरकर्त्यांशी बोलणारं) या स्पेसला बांध, ‘क्लस्टर’ टोक (डिस्कच्या आपसातल्या प्रती नेणारं) त्या स्पेसला. पत्ते हाताने लिहावे लागत नाहीत.

पण नुसते पत्ते वेगळे केल्याने वेग वाढत नाही. दोन्ही सबनेट सर्व्हरच्या एकाच पोर्टमधून, म्हणजे तार जोडायच्या एकाच खाचेतून, जात असतील, तर गर्दी तेवढीच. सर्व्हर रूमचं दार वास्तुशास्त्राप्रमाणे पूर्वेला केल्यानेही पॅकेटं लवकर पोहोचत नाहीत. ती कोणत्या पोर्टमधून निघतात, ते बघायला हवं.

या विभागणीत एक धोकाही आहे. आतल्या जाळ्याचा स्विच बंद पडला आणि बाहेरचा चालू राहिला, तर धडधाकट डिस्क एकमेकींना मेलेल्या वाटतात. त्या परस्परांविरुद्ध तक्रारी करतात, बाद होतात, ‘मी जिवंत आहे’ म्हणत परततात, पुन्हा बाद होतात. पाच-सहा सर्व्हरच्या मांडणीत मी तरी एकच जाळं ठेवेन, दोन पोर्ट एकत्र जोडून.